फार रडणारं, कमी झोपणारं बाळ: पुढच्या वागणुकीच्या दृष्टीने काय पाहायचं, आणि कोणत्या क्रमाने

‘बाळ फार रडतं’ असं सांगितलं की घरात दोन उत्तरं तयारच असतात. एक, ‘सगळीच रडतात, होईल कमी.’ दुसरं, ‘आत्ताच एवढा तापट, मोठा झाल्यावर काय दिवे लावणार!’ पहिलं उत्तर बहुतेक बाळांच्या बाबतीत खरं ठरतं. दुसरं बहुतेकांच्या बाबतीत खोटं ठरतं, पण ते पूर्ण बिनबुडाचंही नाही, आणि हा लेख त्या उरलेल्या भागाबद्दल आहे.

हेम्मी, वोल्के आणि श्नायडर या संशोधकांनी २०११ मध्ये २२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून तपासले. मुलं जवळपास १६,८००. तान्हेपणी अति रडणं, झोपेचा त्रास किंवा दूध-अन्नाचा त्रास असलेल्या मुलांमध्ये पुढे चंचलपणा, आक्रमकपणा, लक्ष न लागणं अशा तक्रारी थोड्या जास्त दिसल्या. सर्वांत ठळक संबंध होता तो टिकून राहिलेल्या रडण्याचा. एकाच बाळाला दोन-तीन त्रास एकत्र असतील आणि घरातही ताण असेल, तर शक्यता आणखी वाढत होती. पण परिणामाचा आकार एकंदरीत लहान ते मध्यमच. त्यावरून एखाद्या बाळाची पत्रिका मांडता येत नाही.

मग करायचं काय? माझा आग्रह क्रमाबद्दल आहे. आधी शरीर, मग दिनक्रम, त्याच वेळी आईची तब्येत, आणि सगळ्यात शेवटी स्वभाव. आपल्याकडे हे नेमकं उलटं चालतं. पाचव्या महिन्यात बाळाला ‘हट्टी’ ही पदवी मिळते आणि रक्तातलं लोह मात्र दुसऱ्या वाढदिवसापर्यंत कुणी पाहिलेलं नसतं.

आधी थोडं शरीराबद्दल

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. हा चढउतार व्हेगस या मज्जातंतूमुळे होतो. हा मज्जातंतू हृदयाला ब्रेकसारखा आवरून धरतो. काही करायचं असलं, लक्ष द्यायचं असलं, की ब्रेक थोडा सैल होतो. काम झालं की पुन्हा लागतो. स्टीफन पोर्जेस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या बाळांना खेळवजा चाचणी देताना ज्यांचा हा ब्रेक नीट सैल होत नव्हता, त्यांच्यात तिसऱ्या वर्षी वागणुकीच्या तक्रारी जास्त होत्या. रडून शांत होणं, झोप लागणं, दूध ओढताना श्वास सांभाळणं, या सगळ्यात हीच यंत्रणा कामाला येते. म्हणून रडणं, झोप आणि खाणं या तीन तक्रारी बऱ्याचदा हातात हात घालून येतात.

हे वाचून कुणी बाळाच्या पायाला ठोके मोजणारा मोजा बांधायला धावू नये. घरच्या उपकरणावरून एका बाळाच्या भविष्याबद्दल काहीही सांगता येत नाही. आईबापांची झोप तेवढी उडते.

पायरी १: पाच दिवसांची वही

एक साधी वही घ्या. एका पानावर एक दिवस, पानावर चोवीस रकाने. झोपेला ‘झ’, दुधाला ‘द’, रडण्याला ‘र’, कुरकुरीला ‘कु’. प्रत्येक तासाच्या रकान्यात अंदाजे मिनिटं लिहा. शू-शी खाली वेगळ्या ओळीत. रात्रीची नोंद सकाळी आठवून करू नका, तीन वाजता झालेलं तीन वाजताच लिहा. थकलेल्या माणसाला वीस मिनिटांचं रडणं तासभराचं वाटतं.

ताडून पाहायला आकडे असे. जगभरातल्या अभ्यासांच्या २०१७ मधल्या एकत्रित आढाव्यात पहिल्या सहा आठवड्यांत बाळं दिवसाला सरासरी दोन तास रडतात किंवा कुरकुरतात असं दिसलं. बाराव्या आठवड्यापर्यंत हे प्रमाण सव्वा तासाच्या आत येतं. अति रडणं कशाला म्हणायचं याची वेसेल यांनी १९५४ मध्ये मांडलेली जुनी कसोटी डॉक्टर अजून वापरतात: दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त.

पहिल्या तीन महिन्यांतलं संध्याकाळचं रडणं कितीही जीव नकोसा करणारं असलं तरी एकटं असेल, म्हणजे बाळ दूध नीट पितं आहे आणि वजन वाढतं आहे, तर त्यावरून पुढचा अर्थ काढू नका. तीन-चार महिने उलटल्यावरही तेवढंच राहिलं, किंवा त्यात झोपेची आणि खाण्याची भर पडली, तर ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

पायरी २: शरीर तपासून घ्या

काही गोष्टींना वही भरत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध अजिबात न ओढणं, नेहमीपेक्षा वेगळं किंचाळल्यासारखं किंवा अगदी क्षीण रडणं, बाळ गळून पडणं, झटका. श्वास मोजायचा असेल तर बाळ शांत असताना अंगडं वर करा आणि पोटाकडे पूर्ण एक मिनिट पाहा. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो.

हे नसेल तर निवांतपणे पण नक्की पाहायच्या गोष्टी आहेत, आणि त्यांत लोह सगळ्यात वर.

बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टा रिकामध्ये एक-दोन वर्षांच्या मुलांचं लोह तपासलं आणि ती अकरा ते चौदा वर्षांची होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. तान्हेपणी लोहाची तीव्र, दीर्घ कमतरता असलेल्या मुलांना उपचार मिळाले होते, रक्त सुधारलंही होतं. तरीही दहा वर्षांनी अभ्यासात ती मागे होती, आणि चिंता, उदासपणा, मित्रांशी न जमणं, लक्ष न लागणं या तक्रारी त्यांच्यात जास्त होत्या. मेंदूची जडणघडण चालू असताना कमी पडलेलं लोह नंतर पूर्ण भरून निघतंच असं नाही. आता आपल्याकडचा आकडा पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. वागणुकीबद्दल बोलायचं आणि हा आकडा सोडून द्यायचा, हे मला पटत नाही.

म्हणून प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा की नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबता येईल का. तेवढ्या वेळात बाळाला मिळणाऱ्या रक्तातून काही महिन्यांचा लोहाचा साठा होतो. स्वीडनमधल्या एका चाचणीत अशी मुलं चौथ्या वर्षी हाताच्या बारीक कामांत आणि इतरांशी वागण्यात थोडी पुढे होती. सहा महिन्यांपासून सरकारी लोहाचं औषध आशाताई किंवा अंगणवाडीतून मिळतं: आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. शी काळी होते, घाबरू नका. कमी वजनाच्या किंवा वेळेआधी जन्मलेल्या बाळाला लोह आधीच सुरू करावं लागतं, ते डॉक्टर ठरवतील. वर्षाच्या आत गाईचं किंवा म्हशीचं दूध हा मुख्य आहार ठेवू नका, त्याने लोह आणखी घटतं. सहा महिन्यांनंतर घट्ट वरण, अंडं, खात असाल तर मऊ शिजवलेली कलेजी, हिरव्या भाजीवर लिंबाचे दोन थेंब. चहात बुडवलेलं बिस्किट अजून घरोघर दिलं जातं. चहा लोह शोषू देत नाही.

दुसरी गोष्ट घोरणं. इंग्लंडमधल्या एव्हन भागात अकरा हजारांहून जास्त मुलांचं घोरणं, तोंडाने श्वास घेणं, झोपेत श्वास अडकणं या लक्षणांची नोंद सहाव्या महिन्यापासून ठेवली गेली. ज्यांना ही लक्षणं होती, त्यांच्यात सातव्या वर्षी वागणुकीच्या अडचणींची शक्यता ४० ते १०० टक्क्यांनी जास्त निघाली. सर्दीतलं घोरणं वेगळं. सर्दी नसताना, बहुतेक रात्री घोरत असेल तर मोबाइलवर मिनिटभराचं चित्रण करा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘आजोबांवर गेलंय’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

तिसरी, कान आणि थायरॉइड. जन्मानंतर महिन्याभरात कानाची तपासणी, शंका असल्यास तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार असा क्रम आहे. थायरॉइडसाठी पहिल्याच आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेतात. डिस्चार्ज कार्डावर हे दोन्ही लिहिलंय का, ते बघा. नसेल तर आता करून घ्या.

चौथी, घरातल्या गोष्टी. काजळ आणि सुरम्यात शिसं असू शकतं. शिशाचा चंचलपणाशी आणि बुद्धीशी असलेला संबंध चांगलाच सिद्ध झालेला आहे. तीट लावल्याशिवाय आजीला चैन पडत नसेल तर कपाळावर काजळाऐवजी भाताचा दाणा टेकवा, पण डोळ्यांत काही नको. बाळगुटीचंही तेच. सहाणेवर वेखंडाचे, जायफळाचे किती वळसे म्हणजे किती मात्रा, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि जायफळ जास्त झालं तर विषारी ठरतं. ‘गुटी दिली की छान झोपतं’ ही तिची तारीफ नव्हे, तक्रार समजा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि डॉक्टरांनी दिलेलं ड जीवनसत्त्व किंवा औषध.

पायरी ३: संध्याकाळचे दोन तास

साडेसहा वाजलेत. टीव्हीवर मालिका, स्वयंपाकघरात कुकर, डोक्यावर पांढरी ट्यूबलाइट. कामावरून आलेले बाबा बाळासमोर टाळ्या वाजवतात. बाळ मान वळवतं. बाबा त्या बाजूला जाऊन पुन्हा टाळ्या वाजवतात. बाळाला उचकी लागते, बोटं फाकतात, पायांवर जाळीसारखे निळसर डाग उठतात. मग शिंक, जांभई, आणि भोकाड. ‘भूक लागली असेल’, ‘दृष्ट लागली’, ‘पोट दुखतंय’. बाळ या हातातून त्या हातात जातं. चार जण, चार पद्धतींनी, दहा मिनिटांत.

मान वळवण्यापासून पायांवरच्या जाळीपर्यंत सगळं म्हणजे शरीर ‘पुरे’ म्हणत होतं. वेळेआधी जन्मलेली बाळं हे संकेत फार लवकर देतात. तिथेच थांबायचं. ते जमलं नाही आणि रडणं सुरू झालंच, तर हा क्रम धरा:

१. दूध कधी झालं, लंगोट ओला आहे का, अंग तापलंय का. एवढंच पाहा.
२. टीव्ही बंद, मोठा दिवा बंद. खोलीत एकच माणूस.
३. बाळाला उघड्या छातीशी, अंगावर पातळ चादर. मान मोकळी, नाक-तोंड दिसतं आहे याची खात्री.
४. एकाच लयीत चालणं किंवा डोलणं. पद्धत बदलायच्या आधी पाच मिनिटं तीच ठेवा. सारखं बदलत राहिलं की बाळाला दर वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं.
५. काहीच चाललं नाही आणि तुमचाच संताप चढायला लागला, तर बाळाला पाठीवर, रिकाम्या सपाट गादीवर ठेवा, बाहेर या, दहा मिनिटं थांबा, कुणाला तरी फोन करा. बाळाला गदागदा हलवू नका, एकदाही नाही. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. रडण्याने मात्र होत नाही.

‘सारखं उचललं की सवय लागेल’ या वाक्याने बऱ्याच आयांना छळलंय. माँट्रियलमध्ये १९८६ साली हुंझिकर आणि बार यांनी काही आयांना बाळ रडत नसतानाही दिवसात तीन तास जास्त अंगाशी धरायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात त्या बाळांचं रडणं ४३ टक्क्यांनी कमी होतं. बार यांनीच नंतर आधीपासून अति रडणाऱ्या बाळांवर तोच प्रयोग केला, तेव्हा फरक पडला नाही. म्हणजे उचलून घेण्याने बिघडत काहीच नाही, पण त्याने रडणं थांबलं नाही तर आईचं काही चुकलं असंही नाही.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी छातीशी धरण्याला जवळजवळ औषधाचं स्थान आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत सुरू झाली, इनक्युबेटर कमी होते म्हणून. तिथल्या मुलांना वीस वर्षांनी पुन्हा गाठलं तेव्हा छातीशी वाढलेल्यांमध्ये चंचलपणा आणि आक्रमकपणा कमी होता. इस्राएलमध्ये रूथ फेल्डमन यांनी दोन आठवडे, रोज एक तास एवढंच केलं. दहाव्या वर्षी त्या मुलांची झोप आणि ताण सोसण्याची शारीरिक क्षमता चांगली होती, व्हेगसचं कामही. आपल्याकडच्या नवजात अतिदक्षता विभागांत कांगारू पद्धत माहीत असते. तुम्ही मागून घ्या. बाबांनी मागितली तर आणखी उत्तम.

पायरी ४: झोप आणि खाणं

दिवस-रात्रीचं घड्याळ पहिले दोन-तीन महिने नीट चालत नाही. तोवर ‘झोपेचं वेळापत्रक’ विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. एवढंच करा: सकाळी उजेडात न्या, रात्रीचं दूध अंधुक प्रकाशात, गप्पा न मारता. चौथ्या महिन्यापासून रोज त्याच क्रमाने अंग पुसणं, दूध, अंगाई. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत बारा ते सोळा तास झोप लागते. झोळीत झोपवत असाल तर हनुवटी छातीला टेकत नाही ना पाहा, आणि झोप लागली की सपाट गादीवर पाठीवर ठेवा.

खाण्याबाबत एकच: तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली, की घास संपला. मोबाइल दाखवून भरवलं तर पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायच्या आत वाटी रिकामी होते, आणि भूक-पोटभर हा शरीराचा अंदाज शिकायचाच राहून जातो. काऊ-चिऊच्या घासाला कुणाची हरकत नाही.

पायरी ५: आईकडे बघा

गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाली म्हणून झालेली निराशा ही कारणं त्यात होती. नैराश्यात आईचा चेहरा हलत नाही, आवाज सपाट होतो, आणि बाळ ते ओळखतं. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७० च्या दशकातल्या प्रसिद्ध प्रयोगात आईने दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवला, तर बाळं आधी हसून, हात पुढे करून तिला ओढू पाहत, मग तोंड फिरवून कोसळत. आई पुन्हा हसली की बाळ सावरायचं. ट्रॉनिक यांचंच म्हणणं आहे की चांगल्या जोडीतही आई आणि बाळ बराच वेळ एका सुरात नसतात. बिनसलेलं पुन्हा जुळतं, हे महत्त्वाचं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, बाळ झोपलं तरी झोप नाही, कशातच रस नाही, ‘मी वाईट आई आहे’ असं सतत वाटतं, तर दहा प्रश्नांची एडिनबरा चाचणी मराठीतही वापरली जाते, डॉक्टरांकडे विचारा. टेलिमानस १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं. मरणाचे किंवा बाळाला इजा करायचे विचार आले तर त्याच दिवशी दवाखाना, सोबत कुणीतरी. आणि घरच्यांसाठी: रात्रीचं एक दूध-लंगोटाचं काम कुणीतरी उचला. ‘विश्रांती घे गं’ असं नुसतं म्हणून ती मिळत नसते.

पायरी ६: आता स्वभाव

हार्वर्डचे जेरोम केगन चार महिन्यांच्या बाळांसमोर हलती खेळणी आणि अनोळखी आवाज ठेवत. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं. ही बाळं पुढे बुजरी निघण्याची शक्यता जास्त होती, पण त्यातली कितीतरी मोठेपणी मधल्याच स्वभावाची झाली. न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस यांनी १९५६ पासून १३३ मुलांचा पाठपुरावा केला. दहा टक्क्यांच्या आसपास मुलं ‘अवघड’ स्वभावाची होती. त्यांचं पुढे काय झालं हे स्वभावापेक्षा घराचा आणि मुलाचा मेळ बसला का, यावर जास्त ठरलं.

मेळ बसवता येतो. नेदरलँड्समध्ये व्हॅन डेन बूम यांनी चिडचिड्या बाळांच्या गरीब घरांतल्या आयांना सहा ते नऊ महिन्यांदरम्यान फक्त तीनदा घरी भेटून बाळाचे संकेत कसे वाचायचे हे शिकवलं. वर्षाच्या वयात त्या बाळांची आईशी जवळीक कितीतरी घट्ट होती. मॉरिशसमध्ये, जिथे मराठी घरंही पिढ्यान्‌पिढ्या आहेत, १,७९५ मुलांचे ठोके तिसऱ्या वर्षी मोजले होते. विश्रांतीतले ठोके ज्यांचे कमी, ती अकराव्या वर्षी जास्त आक्रमक. पण तिथल्याच शंभर मुलांना तीन ते पाच या वयात चांगला आहार, मैदानी खेळ आणि चांगली बालवाडी दिली, तर सतराव्या वर्षी त्यांच्यात गंभीर वागणुकीच्या तक्रारी कमी निघाल्या. शरीराच्या मोजमापांतही फरक पडला होता.

बुजऱ्या बाळाला लग्नघरात न्यायचं झालं तर गर्दीच्या आधी पोचा, पहिली पंधरा मिनिटं कडेवरच ठेवा, ‘जा की मावशीकडे’ म्हणून ढकलू नका. धडपड्याला अंगाला रग येईल एवढं रोज मोकळं हुंदडू द्या. आणि त्याच्यासमोर ‘आमचा हा फार त्रासदायक’ हे वाक्य पाहुण्यांना सांगणं आजपासून बंद.

पायरी ७: कधी आणि कुठे दाखवायचं

दोन वर्षांच्या मुलाने जमिनीवर लोळण घेणं, ‘नाही’ म्हणणं, अधूनमधून चावणं हे त्या वयाचं काम आहे. पण नऊ महिन्यांपर्यंत हाकेला प्रतिसाद नाही, वर्षापर्यंत बोट दाखवणं किंवा टाटा नाही, दीडाव्या वर्षी एकही शब्द नाही, आलेलं बोलणं गेलं, किंवा रोज स्वतःला नाहीतर इतरांना दुखापत होते, अशा वेळी ‘मुलगे उशिरा बोलतात’ ऐकत बसू नका.

आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी यायला हव्यात. त्यांना पहिल्या पायरीतली वही दाखवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणी करतं आणि गरज असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या त्वरित हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं, तिथे उपचार मोफत आहेत. सहा वर्षांच्या आतल्या मुलाच्या चंचलपणासाठी पहिला उपचार पालकांचं प्रशिक्षण असतो, गोळी नव्हे. पहिल्याच भेटीत गोळी लिहून दिली तर दुसऱ्या बालविकास तज्ज्ञांचं मत घ्या. जाताना सोबत न्या: जन्माचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरण आणि वजनाचं पुस्तक, हिमोग्लोबिनचा ताजा अहवाल, कान आणि थायरॉइडचे कागद, झोपेतल्या श्वासाचं चित्रण आणि ती वही. आणि दिवसभर बाळ जिच्याजवळ असतं, ती आजी असो वा सांभाळणाऱ्या ताई, तिलाही.